मातीचं माप आणि माणसाची मजुरी

मंडळी, कामावरचा अन्याय म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढं आधी कमी मजुरी येते. पण मजुरी बेताची असूनही माणसं मन लावून राबतात, आणि बरी मिळत असूनही धुसफुसत राहतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पुष्कळदा खोट दरात नसते, मापात असते. रोजगार हमीच्या मातीकामाचाच दाखला घेऊ.

ही योजना आपल्याच राज्यात जन्मली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली. १९७२-७३ चा दुष्काळ पडला आणि १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाचा कायदा झाला तो २००५ साली.

या कामांची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. मजुरी नुसत्या दिवसावर नव्हे, तर खोदलेल्या मातीच्या मापावर. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची जुनी चाल. इथं मात्र घनमीटरला दर एकच. मातीला बाई कोण आणि बाप्या कोण, हे काय कळणार! अनेक बायांना बरोबरीचा पैसा पहिल्यांदा दिसला तो अशा कामांवर.

आता माप कसं होतं ते पाहा. टोळीला खड्डा आखून देतात. खोदताना मध्ये मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवतात, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते कळतं. त्या खुंटाच्या उंचीवरून खोली धरतात. खुंट ढासळला किंवा कुणी मुद्दाम छाटला, की खोलीचा साक्षीदारच गेला. शिवाय माती मऊ, की मुरूम, की कठीण मुरूम, यावर दर बदलतो. माती किती लांब नेऊन टाकली आणि किती उंच चढवली, तेही धरावं लागतं. हे सारं मोजमाप पुस्तिकेत उतरतं, हजेरी मस्टरवर लागते, आणि मग टोळीचा पैसा वाटला जातो.

समजा, खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. माती झाली १.८ घनमीटर. आता कुणी खोली २५ सेंटिमीटर लिहिली, तर माती भरते १.५ घनमीटर. फरक टेपाच्या पाच सेंटिमीटरांचा, पण मजुरीचा सहावा हिस्सा गेला. म्हणजे सहा दिवस राबावं, त्यातला एक दिवस फुकट!

पैशाचं नुकसान तर आहेच. पण त्यापुढचं नुकसान कुठल्याही पुस्तिकेत येत नाही. टोळी घरी गेल्यावर संध्याकाळी माप झालं, की दुसऱ्या दिवशी शंका कामावर येते. मुकादमाच्या भावकीच्या खड्ड्याला कठीण मुरूम लागला आणि शेजारच्या खड्ड्याला मऊ, असं कसं? मग फावडं जड होतं. ‘आपण तरी कशाला जीव काढावा?’ हे एकानं म्हटलं, की दहा जण ऐकतात. टोळीतला चांगला खोदणारा गडी दुसरी टोळी धरतो. बांधाची दबाई कच्ची राहते आणि पहिल्या पावसात पाणी तिथूनच वाट काढतं.

जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञानं १९६३ साली हेच सूत्र मांडलं. माणूस आपले कष्ट आणि आपला मोबदला शेजाऱ्याच्या कष्टांशी व मोबदल्याशी ताडून पाहतो. तोल गेला असं वाटलं, तर पुष्कळदा कष्टच कमी करतो. आपल्या मुकादमांना हे अनुभवानं ठाऊक असतं, पण कबूल कोण करणार!

उलट, टोळीसमोर टेप धरला, आकडा मोठ्यानं वाचला, मातीचा प्रकार का तो सांगितला, तर पैसे थोडे कमी भरले तरी माणसं फार कुरबूर करत नाहीत. ‘खडक लागला, त्याला इलाज काय,’ म्हणून पुढच्या खड्ड्याला लागतात. वेळ किती लागतो? खड्ड्यामागं पाच मिनिटं.

गुरुजी, इथं तुमची गाठ पडते. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार तुम्ही वर्गात शिकवताच. एकदा मुलांना शाळेमागं हातभर खड्डा खणू द्या, मध्ये खुंट ठेवायला सांगा, आणि माप घ्यायला लावा. आई-बाप कामावर जात असतील, तर ती पोरं संध्याकाळी घरी हिशेब विचारतील.