जेटसन्सचा व्हिडिओफोन आला, मग उडती गाडी कुठे अडली?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल आली, त्यांना 'द जेटसन्स' ही कार्टून मालिका नक्की आठवत असेल. उंच खांबांवरची घरं, बटण दाबलं की तयार होणारं जेवण, रोझी नावाची यंत्रमानव कामवाली आणि जॉर्ज जेटसनची उडती गाडी. ऑफिसात पोचल्यावर त्या गाडीची घडी होऊन ब्रीफकेस व्हायची!

कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ मध्ये, त्यामुळे आपल्याला ही मालिका नवी वाटली. अमेरिकेत मात्र ती २३ सप्टेंबर १९६२ रोजी सुरू झाली होती. पहिल्या हंगामाचे भाग २४ आणि कथेचा काळ शंभर वर्षांनंतरचा, म्हणजे २०६२. हे भाग २००४ पासून डीव्हीडीवर मिळतात. घरातल्या मुलांना घेऊन एकदा बघाच.

मुलांसोबत बघताना एक गंमत जाणवेल. जेन जेटसन पडद्यावर मैत्रिणीशी बोलते, तेव्हा मुलांना त्यात काहीच विशेष वाटत नाही. गाडी हवेत उडाली की मात्र प्रश्न येतो, "ही कधी मिळणार?" १९६२ च्या प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य वाटल्या असतील. मग एक आली आणि दुसरी का नाही? कारण व्हिडिओफोन माहिती वाहून नेतो आणि गाडी वजन. निसर्गाचे नियम या दोघांना सारखे वागवत नाहीत.

आधी माहितीचं बघू. मालिकेनंतर दोनच वर्षांनी, १९६४ च्या न्यूयॉर्क विश्वमेळ्यात एटी अँड टी कंपनीने खरा 'पिक्चरफोन' दाखवला. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला तीन मिनिटं बोलायचे १६ डॉलर पडत. १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची व्यावसायिक सेवा सुरू झाली, पण ती चालली नाही. चित्र पाठवणं फार महाग होतं.

किती महाग, ते आजच्या आकड्यांत पाहा. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट होतात. तुमचा व्हिडिओ कॉल मात्र १०-२० लाख बिटांत भागतो. बाकीचे जातात कुठे?

त्यामागे मुख्यतः दोन युक्त्या आहेत. आईच्या मागची भिंत हलत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा न पाठवता फक्त बदललेला भाग पाठवतात. दुसरी युक्ती गणिताची. चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येक चौकोन ठळक आणि बारीक लहरींची बेरीज म्हणून मांडायचा आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळून टाकायच्या. ही कल्पना बंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद यांची. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत त्यासाठी अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक फोटो आणि व्हिडिओ हीच पद्धत किंवा तिची भावंडं वापरतात.

अक्षर मोठं लिहा की बारीक, अर्थ तोच राहतो. म्हणून माहिती दाबता येते, चिपवरचे भाग लहान करता येतात आणि खर्च उतरत जातो. सत्तर किलोच्या माणसाला असं दाबता येत नाही!

आता गाडी. रस्त्यावर गाडीचं वजन जमीन फुकट पेलते. हवेत तरंगायचं तर सतत हवा खाली ढकलावी लागते आणि पंखे जितके लहान, तितकी ऊर्जा जास्त. १,००० किलोची गाडी, पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरलं, तर नुसतं तरंगायला किमान २०० किलोवॉट लागतात. त्याच वजनाच्या गाडीला हायवेवर ताशी १०० किलोमीटरने जायला साधारण १५ ते २० किलोवॉट पुरतात. लिथियम बॅटरी किलोमागे सुमारे २५० वॉट-तास देते. म्हणजे ३०० किलोची बॅटरी घेऊनही आपण अर्धा तास तरंगू शकत नाही. जॉर्जच्या गाडीला तर पंखेच नाहीत.

विमानांचंही तेच. १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. आज तुम्ही ज्या विमानाने घरी जाता, त्याचा वेगही जवळपास तेवढाच, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. काँकॉर्डने १९७६ ते २००३ तो ओलांडून प्रवासी नेले, पण इंधनाचा खर्च प्रचंड होता.

आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना हा फरक रोज भेटतो. सांगलीत बाबा पाय घसरून पडले, तर ते एका सेकंदात दिसतात, पण पोचायला दिवस लागतो. रोझीची मदत होईल का? रोझी अर्धीच आली आहे. तिचं बोलणं म्हणजे माहिती, ते आलं. पडलेल्या माणसाला अलगद उचलणारे हात म्हणजे वजन, ते अजून यायचे आहेत. तेव्हा कॅमेरा जरूर बसवा, पण शेजारच्या काकूंकडे घराची किल्लीही ठेवा आणि दहा मिनिटांत पोचू शकेल अशा माणसाचा नंबर फोनमध्ये हवाच.

डीव्हीडी बघताना मुलांसोबत एक खेळ खेळा. नवं यंत्र दिसलं की थांबवा आणि विचारा, "हे माहिती नेतं की वजन?" २०६२ पर्यंत कोणतं येईल, यावर पैज लावायला हा प्रश्न पुरेसा आहे.