कंपवाताचा माग (लेखांक ४) : तुरुंगातून शेतापर्यंत

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की, हात थरथरू लागण्याच्या किंवा पाऊल अडखळण्याच्या कितीतरी आधीपासून मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत असतात. सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या इवल्याशा काळपट पट्ट्यातल्या या पेशी. शेजारच्या पेशी तग धरून राहतात आणि नेमक्या याच का जातात? जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर दीडशे वर्षं उलटली तरी नेहमीच्या कंपवाताच्या कारणाबद्दल ठोस असं फारसं काही हाती नव्हतं. धागा सापडला तो एका तुरुंगात.

जुलै १९८२. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात चाळिशीतल्या एका कैद्याला रुग्णालयात आणलं गेलं. अंग ताठरलेलं, तोंडातून शब्द नाही, पापणीही क्वचितच लवायची. कुणी मानसिक आजार म्हणालं, कुणाला ते सोंग वाटलं. सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमधले मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांच्याकडे हा रुग्ण आला. त्याची बोटं किंचित हलतात हे लक्षात आल्यावर त्याच्या हातात पेन्सिल दिली गेली. अतिशय सावकाश, एकेक अक्षर ओढत त्यानं लिहिलं. आशय असा की, मला काय करायचंय ते कळतंय, पण शरीर ऐकत नाही. म्हणजे मन जागं होतं आणि हालचाल तेवढी गेली होती. कंपवातावरचं लेव्होडोपा हे औषध दिल्यावर तो हलू-बोलू लागला. त्याच्या मैत्रिणीचीही तीच अवस्था झाली होती. पाठोपाठ आणखी काही तरुण रुग्ण सापडले. साठीनंतर, वर्षानुवर्षांत येणारी अवस्था या माणसांना काही दिवसांत आली होती.

सगळ्यांमध्ये एकच गोष्ट समान होती : त्यांनी ‘नवं हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी, चोरून बनवलेली पावडर शिरेतून टोचून घेतली होती. नमुने तपासले तेव्हा तीत एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. औषध बनवताना तापमान किंवा आम्लता चुकली की तयार होणारी ही भेसळ. शोधाशोध करताना १९७९ चा एक दुर्लक्षित शोधनिबंध हाती लागला. मेरीलँडमधला रसायनशास्त्राचा तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी स्वतःसाठी असंच द्रव्य बनवत असे. १९७६ मध्ये त्यानं घाईघाईत कृतीतला टप्पा गाळला आणि थोड्याच दिवसांत त्याला कंपवातासारखी लक्षणं दिसू लागली. दोन वर्षांनी तो वारला. शवविच्छेदनात सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या.

मग हे १९७६ मध्येच का उमगलं नाही? कारण संशोधकांनी त्याच्या प्रयोगशाळेतलं मिश्रण रॅट जातीच्या उंदरांना टोचून पाहिलं आणि त्यांना टिकाऊ असं काहीच झालं नाही. धागा तिथेच तुटला. पुढे १९८३ मध्ये माकडांना एमपीटीपी दिल्यावर ती हुबेहूब माणसासारखी ताठरली. चुकीचा प्राणी निवडला म्हणून काही वर्षं वाया गेली, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं प्रकरण वाटतं. ‘उंदरांवर सिद्ध झालं’ किंवा ‘उंदरांवर काहीच परिणाम नाही’ अशा बातम्या आपण रोज वाचतो. त्या वाचताना हे आठवावं.

एमपीटीपी स्वतः घातक नाही. मेंदूतलं एमएओ-बी हे विकर त्याचं रूपांतर एमपीपी-प्लस या रेणूत करतं. डोपामिन पेशींच्या पडद्यावर सांडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे वाहक असतात. ते एमपीपी-प्लसलाही डोपामिन समजून आत घेतात. आत गेल्यावर हा रेणू मायटोकॉन्ड्रियात शिरतो आणि ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीची पहिली कडी बंद पाडतो. पेशी ऊर्जेविना मरते. याच पेशी का, या प्रश्नाला पहिल्यांदाच रेणूच्या पातळीवरचं उत्तर मिळालं. १९९९ मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. विष घेऊन अनेक वर्षं लोटली होती, तरी पेशींचा नाश चालूच असल्याच्या खुणा तिथे होत्या. मात्र कंपवाताची ओळख मानले जाणारे पेशींतले गोळे, म्हणजे लेवी पिंड, त्या मेंदूंत नव्हते. तेव्हा एमपीटीपीचा आजार कंपवाताच्या फार जवळचा खरा, पण तोच आहे असं म्हणता येत नाही.

ते भेसळीचं हेरॉइन टोचून घेणारे मूठभर; कंपवाताचे रुग्ण जगभर लाखोंनी. त्यांनी काय घेतलं होतं? इथे रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की, एमपीपी-प्लसची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी जवळची आहे. पुढे कळलं की पॅराक्वाट पेशीला वेगळ्या वाटेनं, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवून, इजा करतं. पण तोवर संशोधकांची नजर शेतांकडे वळली होती. २००० साली टिमथी ग्रीनमायर यांच्या गटानं रोटेनोन हे कीटकनाशक उंदरांच्या रक्तात आठवडेच्या आठवडे थोडं थोडं सोडलं. रोटेनोनही मायटोकॉन्ड्रियाची तीच पहिली कडी अडवतं. त्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन पेशी तर मेल्याच, शिवाय लेवी पिंडांसारखे गोळेही दिसले.

माणसांत हे कसं तपासायचं? कुणाला मुद्दाम कीटकनाशक देता येत नाही. रुग्णाला विचारावं तर तो आपल्या आजाराचं कारण हुडकत असतो, त्यामुळे निरोगी माणसाला जी फवारणी आठवत नाही ती त्याला आठवते. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून परवानाधारक फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार अशा जवळपास ८९ हजार लोकांचा पाठपुरावा सुरू झाला. परवाना असल्यानं या मंडळींना रसायनांची नावं माहीत असतात. त्यांच्यातले कंपवाताचे ११० रुग्ण आणि ३५८ निरोगी लोक यांची तुलना कॅरोलिन टॅनर यांच्या गटानं २०११ मध्ये मांडली. पॅराक्वाट वापरलेल्यांत आणि रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असं नव्हे, बहुतेकांना होत नाही. याच अभ्यासातून पुढे आणखी एक गोष्ट निघाली : जे बहुतेक वेळा हातमोजे घालत त्यांच्यात पॅराक्वाटशी असा संबंध दिसला नाही.

आनुवंशिकतेचं काय? त्याच टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची नोंदवही तपासली होती, जवळपास वीस हजार पुरुषांची. १९९९ चा निष्कर्ष असा : पन्नाशीनंतर आजार सुरू झाला असेल तर एकरूप जुळ्यांत तो दोघांनाही होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा विशेष जास्त नव्हतं. पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर मात्र जनुकांचा हात ठळक दिसला, जरी अशा जोड्या मोजक्याच होत्या. जनुकांचा भक्कम पुरावा एका खेड्यातून आला. न्यू जर्सीत रॉजर डुव्हॉइसिन आणि लॉरेन्स गोल्ब यांच्याकडे आलेल्या, वरवर एकमेकांशी नातं नसलेल्या दोन रुग्णांचे पूर्वज इटलीतल्या कोन्तुर्सी या एकाच गावचे निघाले. वंशावळ जुळवत गेल्यावर मोठं कुटुंब उभं राहिलं आणि १९९७ मध्ये त्यातून अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातला बदल सापडला. त्याच वर्षी लेवी पिंड याच प्रथिनाचे बनलेले असतात हेही कळलं. हा बदल जगात फार थोड्या कुटुंबांत आहे, पण प्रथिन मात्र बहुतेक साऱ्या रुग्णांच्या मेंदूत साठलेलं दिसतं.

आपल्या मुंबईचंही या संशोधनात मानाचं पान आहे. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन १४,०१० जणांची पाहणी केली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध केली. कंपवाताचे ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे ३२८. तोवरच्या पाहण्यांच्या मानानं हा आकडा फार मोठा होता. त्यात समाजाच्या वाढत्या वयाचा वाटा आहे, आणि पद्धतीचाही : दवाखान्यात बसून मोजलं की, ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणत घरीच राहिलेले रुग्ण निसटतात.

मला सर्वांत पटणारा अभ्यास २०२३ चा. अमेरिकेतल्या कँप लजून या सैनिकी तळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे ग्रीस काढायला आणि कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरलं जाणारं द्रावक वर्षानुवर्षं मिसळत होतं. त्या तळावर राहिलेल्या सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कँप पेंडलटनच्या सैनिकांशी झाली. वय, काम, राहणी जवळपास तीच, फरक पाण्याचा. लजूनच्या सैनिकांत कंपवाताचा धोका ७० टक्के जास्त निघाला. आपण काय पितो हे त्या तरुणांना माहीतच नव्हतं, म्हणून आठवणीचा दोषही इथे शिरत नाही.

हे सारं वाचताना विदर्भ डोळ्यांसमोर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण कंपवात आला तर फवारणीनंतर वीस-तीस वर्षांनी येतो. तेव्हा पाठीवरचा पंप केव्हाच उतरलेला असतो. पॅराक्वाटवर स्वित्झर्लंडनं १९८९ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघात २००७ पासून ते वापरता येत नाही. आपल्याकडे ते दुकानात मिळतं. थरथरत्या हाताचा म्हातारा तालुक्याच्या दवाखान्यात येतो तेव्हा केसपेपरवर ‘व्यवसाय : शेती’ एवढंच लिहिलं जातं. त्याखाली चार ओळी वाढवायला खर्च येत नाही : कोणती औषधं फवारली, किती वर्षं, हातमोजे होते का, पाणी कुठल्या विहिरीचं. माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे की, त्यांनी एवढं विचारावं आणि लिहून ठेवावं.

पुढच्या आठवड्यात आतड्यांकडे वळू. हा आजार काहींच्या बाबतीत पोटात सुरू होऊन व्हेगस मज्जातंतूतून मेंदूपर्यंत चढतो, असं हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं. त्याला किती आधार आहे, ते पाहू.