केदारकंठ्याचा हिवाळी बर्फ

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठा हे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे शिखर ऐन हिवाळ्यातही चढता येत असल्याने सह्याद्रीत पाय तयार झालेले अनेक मराठी ट्रेकर हिमालयातील पहिली बर्फवाट म्हणून त्याची निवड करतात. मात्र ही वाट सोपी की अवघड, हे चढापेक्षा त्या दिवशीच्या बर्फावर अधिक ठरते. येथील हिमवृष्टी प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींमुळे होते. ताज्या, भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पुढे दिवसा उन्हाने वितळणारा वरचा थर रात्री पुन्हा गोठून कडक कवच धरतो आणि त्यावर बुटाखाली मायक्रोस्पाइक, म्हणजे दातेरी साखळ्या, बांधल्यावाचून पाय ठरत नाही. माथ्याची चढाई पहाटेच्या अंधारात सुरू होते ती केवळ सूर्योदयाच्या हौसेपोटी, असा समज आहे (छायाचित्रे पाहता तो अगदीच खोटा नाही), परंतु हे कवच ऊन चढेपर्यंतच वजन पेलते, हे त्यामागील अधिक महत्त्वाचे कारण होय. ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो, त्यामुळे गडद चष्मा न लावल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सुरू होते. यालाच हिमांधत्व म्हणतात. पाण्याची बाटली उलटी ठेवण्याची रीतही सकारण आहे, कारण पाणी वरून गोठू लागते आणि झाकणाकडची बाजू मोकळी राहते.