वेष्टनशास्त्र : एक उपयुक्त विद्या

अंड्याचें कवच, नारळाची करवंटी, डाळिंबाची साल यांकडे आपण क्वचितच लक्ष देतों. आंतील भाग घेतला कीं तीं आपण टाकून देतों. परंतु सृष्टिकर्त्याची ही योजना पाहिली म्हणजे मन थक्क होतें. अंड्याचें कवच आंतील पिलास हवा मिळेल इतकें सच्छिद्र, व पक्षिणीचा भार सोसेल इतकें दृढ असतें. मनुष्य आपल्या मालाकरितां हेंच काम विचारपूर्वक करूं लागला, तेव्हां जी विद्या उदयास आली तिला वेष्टनशास्त्र किंवा पॅकेजिंग इंजिनियरिंग म्हणतात.

खोकीं बांधावयास का विद्यापीठांत जावयाचें, अशी शंका पुष्कळ पालकांस येईल. तिचें उत्तर आपला कोंकणचा हापूस आंबा देईल. आंबा झाडावरून उतरल्यावरही श्वासोच्छ्वास करीत असतो, व त्यामुळें ऊब आणि बाष्प उत्पन्न होतात. पूर्वीं तो लांकडी पेटींत पेंढा घालून पाठवीत. पुढें पन्हळी पुठ्ठ्याचीं खोकीं प्रचारांत आलीं. अशा खोक्यास भोकें पाडलीं नाहींत, तर ऊब कोंडून फळ नासतें. भोकें फार पाडलीं, तर पुठ्ठ्याचें बळ घटतें व थप्पींतील तळचें खोकें दबतें. शिवाय दमट हवेनें पुठ्ठा मऊ पडतो तो निराळाच. म्हणून भोकें किती, कोठें व केवढीं, हें गणितानें व प्रयोगानें ठरवावें लागतें. येथें अंदाज चुकला, तर बागाइतदाराची वर्षाची मेहनत वाटेंतच वाया जाते.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. निकोलस आपेर नांवाच्या फ्रेंच हलवायानें अन्न बाटल्यांत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यांत तापविलें, तर तें दीर्घकाळ टिकतें, हें दाखविलें. त्याबद्दल फ्रेंच सरकारनें 1810 सालीं त्यास 12,000 फ्रँक दिले. अन्न कां टिकतें, याचा उलगडा मात्र पुढें पाश्चरच्या सूक्ष्मजंतूंवरील संशोधनानें झाला. अमेरिकेंत मिशिगन स्टेट विद्यापीठानें 1952 सालीं या विषयाचें स्वतंत्र शिक्षण सुरू केलें. आपल्या देशांत 1966 सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठिकाण मुंबईस आहे. शास्त्र किंवा इंजिनियरिंग या विषयांच्या पदवीधरांस तेथें दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम घेतां येतो.

विद्यार्थ्यास कागद, कांच, धातु व प्लॅस्टिक या चारही द्रव्यांचे गुणदोष शिकावे लागतात. कोणत्या पापुद्र्यांतून बाष्प किती झिरपतें, प्राणवायु किती शिरतो, हें मोजावें लागतें. भरलेलीं खोकीं उंचावरून टाकून, यंत्रावर हलवून व दाबून त्यांची परीक्षा घ्यावी लागते. रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र व गणित हीं सारीं येथें एकत्र नांदतात. म्हणून ज्यांस या वाटेनें जावयाचें असेल, त्यांनीं शाळेंतच या विषयांचा पाया पक्का करावा.

वेष्टनावर कधीं कधीं प्राणही अवलंबून असतात. 1982 सालीं शिकागोच्या परिसरांत कोणा दुष्टानें वेदनाशामक औषधाच्या कुप्यांत विष मिसळलें, व सात माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर कुपी कोणी आधीं उघडली असल्यास तें तत्काळ दिसावें, अशीं झांकणें व मोहरा तेथें सक्तीच्या झाल्या.

तथापि या विद्येची एक जबाबदारीही आहे. डाळिंबाची साल मातींत मिळून जाते. प्लॅस्टिकची पिशवी मात्र वर्षानुवर्षें ओढ्यानाल्यांत तशीच पडून राहते. मालाचें रक्षण व्हावें, पण भूमीवर भार पडूं नये, असें वेष्टन शोधून काढणें हें पुढील पिढीचें काम आहे. आमच्या शाळेंतील कांहीं मुलामुलींनीं तें अंगावर घ्यावें, व पालकांनीं त्यांस प्रोत्साहन द्यावें, अशी आमची इच्छा आहे.