पेटीविना स्पीकर

ओपन बॅफल हा पेटी नसलेला स्पीकर. उभ्या फळीला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवायचा आणि पाठ उघडी ठेवायची, एवढीच त्याची रचना. स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या परस्परविरुद्ध लहरी पुढे-मागे सारख्याच जोराने जातात, पण बाजूंना एकमेकींना मारतात. म्हणून या प्रकाराला डायपोल, म्हणजे द्विध्रुव म्हणतात.

विदर्भात उघड्या पाठीचा स्पीकर जुनाच आहे. नागपूर आकाशवाणी 1948 साली सुरू झाली. त्या काळच्या रेडिओतले व्हॉल्व्ह तापत, म्हणून मागे छिद्रांचा पुठ्ठा असे आणि आवाज तिथूनही बाहेर पडे. मुद्दाम डायपोल म्हणून घडवलेला प्रसिद्ध स्पीकर म्हणजे इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा 1957 सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक. पुढे सिगफ्रीड लिंकविट्झ (1935–2018) या अभियंत्याने घरी बांधता येतील असे डायपोल आराखडे लोकप्रिय केले.

पेटी नसल्याने तिचा घुमाराही नसतो. गायकाचा आवाज आणि सतारीची तार मोकळी ऐकू येते. किंमत मोजावी लागते ती खर्जात. 60 सेंमी रुंद फळीवर साधारण 280 हर्ट्झच्या खाली मागची लहर कडेने वळून पुढची खोडू लागते. हा उतार पुढे दर सप्तकाला 6 डेसिबलपर्यंत जातो. त्यामुळे डग्ग्याचा घुमार आधी हरवतो. तो राखायला 12 किंवा 15 इंची वूफर, रुंद फळी आणि खर्ज उचलून देणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. वूफरचा क्यूटीएस, म्हणजे अनुनादाच्या वेळी कोन किती मोकळा डोलतो हे दाखवणारा आकडा, 0.7 च्या आसपास असावा. पेटीसाठी बनवलेले, त्याहून बऱ्याच कमी आकड्याचे वूफर इथे पातळ वाजतात.

बांधणीला 18 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय पुरतो; साधा प्लाय पावसाळ्यात फुगतो. फळी दोन फूट रुंद, साडेतीन फूट उंच ठेवून मागून तिरके टेकू द्यावेत, म्हणजे ती थरथरत नाही. पाठीला पातळ जाळीदार कापड ताणले की धूळ कोनावर बसत नाही.

जागेलाही तितकेच महत्त्व आहे. मागची भिंत किमान तीन फूट दूर हवी. एक मीटर अंतरावर परतणारी लहर सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा येते, म्हणून मूळ आवाजात ती कमी मिसळते. बाजूंना आवाज क्षीण असल्याने अरुंद बैठकीतही हा स्पीकर चालतो. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्यात कूलरची घरघर बारीक स्वर गिळते. नीट ऐकायचे तर हिवाळ्याची रात्र बरी.

मांडवात दणका हवा असेल त्याने पेटीच घ्यावी. घरी शास्त्रीय गायन, भावगीत किंवा वाद्यसंगीत ऐकणाऱ्याने, मागे तीन फूट जागा सोडता येत असेल, तर ओपन बॅफल जरूर बांधून पाहावा.