चांदीच्या ताटांतून घडलेले पदक

लंडनच्या रॉयल सोसायटीतर्फे रसायनशास्त्रातील थोर शोधाबद्दल दरवर्षी जे डेव्ही पदक बहाल केले जाते, त्याचा उगम कोणा उमरावाच्या देणगीत किंवा सरकारी खजिन्यात नसून, न्यूकॅसल परिसरातील कोळशाच्या खाणींच्या मालकांनी एका रसायनवेत्त्यास कृतज्ञतापूर्वक नजर केलेल्या चांदीच्या भोजनपात्रांत आहे. आणि ती पात्रे कोणत्या कारणाने नजर झाली हे ध्यानी घेतल्यावाचून या पदकाची थोरवी केवळ मानकऱ्यांच्या नामावळीवरून जोखणे अपुरे ठरेल, असे मला वाटते.

सन १८१२ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या ईशान्य भागातील फेलिंग येथील खाणीत भयंकर स्फोट होऊन ९२ जीव गेले, आणि त्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती. कोळशाच्या भेगांतून झिरपणारा मिथेन वायू हवेत ठराविक प्रमाणात मिसळला की उघड्या दिव्याची ज्योत लागताच त्याचा भडका उडे. आणि दिव्यावाचून तर खाणीत हात फिरणे अशक्य. या पेचातून मार्ग काढण्याची विनंती १८१५ साली हंफ्री डेव्ही यांना करण्यात आली. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये प्रथमच मोकळी करणाऱ्या या पुरुषाची कीर्ती तोवर युरोपभर पसरलेली होती. त्यांनी खाणी स्वतः पाहिल्या, तो वायू बाटल्यांत भरून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मागविला आणि तरुण मायकेल फॅराडे यांस हाताशी घेऊन त्याच्या परीक्षेस प्रारंभ केला.

येथे प्रयोगशील बुद्धी कशी चालते हे पाहण्यासारखे आहे. दिवा कसा बनवावा, हा प्रश्न डेव्ही यांनी आरंभी बाजूस ठेवला. हा वायू नेमका केव्हा पेटतो आणि केव्हा पेटत नाही, हे त्यांनी आधी विचारले. हवेचे प्रमाण कमीजास्त करून पाहता तो इतर ज्वालाग्राही वायूंच्या मानाने बराच अधिक तापमानास पेटतो असे त्यांना आढळले. आणि धातूच्या अरुंद नळीतून स्फोट पलीकडे जाऊ शकत नाही, कारण नळीच्या भिंती ज्वालेची उष्णता झपाट्याने शोषून घेतात, असेही दिसून आले. मग नळ्या आखूड करीत करीत अखेरीस नळीच्या जागी तारेची जाळी आली, कारण जाळीचे प्रत्येक छिद्र म्हणजे एक अत्यंत आखूड नळीच होय. एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या जाळीचा दंडगोल ज्योतीभोवती बसविला की वायू आत शिरे, आतल्या आत जळे, पण ज्वाला बाहेर पडत नसे. इतकेच नव्हे तर ज्योतीच्या माथ्यावर उमटणारी फिकट निळी टोपी पाहून खाणकऱ्यास वायूचा सुगावाही लागे. वस्तू बिनकिमती, पण तिच्यामागील विचार अत्यंत मोलाचा! डेव्ही यांनी तिचा मक्ता घेण्याचे नाकारले आणि तो दिवा सर्वांस मोकळा ठेवला.

शोधाच्या अग्रमानावरून, असाच दिवा स्वतंत्रपणे बनविणारे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांच्या पक्षाशी पुढे कटू वाद झाला. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की या दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेले धोक्याचे थर खणावयास घेतले आणि अपेक्षेप्रमाणे अपघात घटले नाहीत. तो दोष केवळ जाळीचा नव्हे. पण ज्यांनी १८१७ साली ती चांदीची पात्रे अर्पण केली त्यांनीच हा धोकाही पत्करावयास लावला, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

डेव्ही १८२९ साली जिनीव्हा येथे निवर्तले. ती पात्रे प्रथम त्यांच्या पत्नीकडे व नंतर बंधू जॉन यांच्याकडे गेली. आणि जॉन यांच्या मृत्युपत्रानुसार ती वितळवून, विकून, आलेली रक्कम पदकासाठी रॉयल सोसायटीच्या हवाली व्हावयाची होती. त्याप्रमाणे सुमारे ७३६ पौंड हाती आले आणि ते मद्रास रेल्वेच्या हमीच्या रोख्यांत गुंतविण्यात आले. हमी याचा अर्थ असा, की लोहमार्गास नफा होवो वा न होवो, भागधारकांस ठराविक व्याज मिळालेच पाहिजे, आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे अंती येथील रयतेच्या सारावसुलीतून, भरून काढावयाची. दादाभाई नौरोजी ज्या संपत्तीच्या निस्सारणाचा हिशेब त्या काळी मांडीत होते, त्यातला एक बारीकसा ओघ या पदकाच्या दिशेने वाहत होता. आणि मूळ अट मात्र अशी, की शोध युरोपात किंवा इंग्रजी भाषेच्या अमेरिकेत लागलेला असावा! आज ती मर्यादा उरलेली नाही. परंतु या सन्मानाच्या इतिहासाकडे हिंदी वाचकाने केवळ परक्या प्रेक्षकाच्या नात्याने पाहू नये, त्याच्या खर्चात आपल्या पूर्वजांचाही वाटा आहे, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो.

पहिले पदक १८७७ साली बुन्सेन व किर्खहॉफ या जर्मन जोडीस वर्णपटाच्या विश्लेषणाबद्दल मिळाले. ज्योतीत धरलेल्या पदार्थाच्या प्रकाशरेषांवरून त्यातील मूलद्रव्य ओळखण्याची ही रीत. तिच्या बळावर सीझियमचा माग लागल्यावर, त्याचे अवघे काही ग्रॅम क्षार हाती यावेत म्हणून बुन्सेन यांनी ड्यूर्कहाइमच्या झऱ्याचे सुमारे ४० टन पाणी आटविले. १८८२ साली मूलद्रव्यांच्या अणुभारांतील आवर्ती संबंध शोधल्याबद्दल मेंडेलीव्ह व लोथार मायर यांचा गौरव झाला. १९०३ साली रेडियमवरील संशोधनाबद्दल क्यूरी पतिपत्नींची निवड झाली, तेव्हा गळक्या छपराच्या पडवीत स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईने उकळते पिचब्लेंड ढवळून मारी क्यूरी यांनी मिळविलेला शुद्ध रेडियम क्लोराइड एक दशांश ग्रॅम होता. या तिन्ही उदाहरणांपैकी पहिल्या व तिसऱ्यासमोर मी अधिक नतमस्तक होतो, कारण एवढ्याशा कणासाठी इतका अवाढव्य ढीग उपसण्याची चिकाटी केवळ कल्पनाशक्तीच्या जोरावर येत नाही.

याच वर्णपटरेषांचा धागा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोहोचतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधासाठी रॉयल सोसायटीने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांस उपकरणांसह पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात धाडले होते. पावसाळी ढगांनी आभाळ व्यापले असता मधल्या उघडिपीत त्यांनी सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी व निळी अशा रेषा टिपल्या, आणि नारिंगी रेषा सोडियमची असावी असे गृहीत धरले. त्याच दिवशी गुंटूर येथे जान्सेन हे फ्रेंच ज्योतिषीही दुर्बिणीशी बसले होते. पुढे इंग्रज खगोलवेत्ते लॉकियर यांनी ती रेषा सोडियमची नसून पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची आहे असे प्रतिपादिले. पण ते मूलद्रव्य कुपीत कोणी दाखवीपर्यंत अनेक रसायनवेत्त्यांनी त्यावर विश्वास ठेवण्यास नकार दिला. १८९५ साली विल्यम रॅमझे क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल टाकून निघालेल्या वायूत आर्गॉन शोधीत असता त्यांच्या वर्णपटदर्शकात एक तेजस्वी पिवळी रेषा प्रकटली. ती सोडियमच्या रेषेशी जुळेना, म्हणून त्यांनी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे पडताळणीसाठी पाठविला, आणि हीच ती सूर्यातील रेषा, असा निर्वाळा क्रुक्स यांनी दिला. हेलियम अशा रीतीने पृथ्वीवर सापडला, आणि त्याच वर्षीचे डेव्ही पदक रॅमझे यांना मिळाले.