गव्हाच्या निवडओळींतील आनुवंशिक विविधतेचे मापन

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने गव्हाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्याच्या बाजारात मराठी, अहिराणी, भिली, पावरी, गुजरी अशा भाषा व बोली कानी पडतात. त्यांची गणती करू पाहणाऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच गव्हाच्या पैदासकारापुढेही असतो. नावे किती आहेत, एवढ्यावरून विविधता किती आहे हे ठरते काय?

ठरत नाही, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. निफाडच्या संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या त्र्यंबक, तपोवन, पंचवटी व गोदावरी या वाणांची नावे एकाच तीर्थक्षेत्राच्या परिसरातील आहेत. नावांवरून ही चार सख्खी भावंडे वाटावीत. वस्तुतः पहिले दोन वाण सरबती, म्हणजे ४२ गुणसूत्रांच्या गव्हाचे आहेत, तर उरलेले दोन बन्सी, म्हणजे २८ गुणसूत्रांच्या गव्हाचे. उलटपक्षी, निरनिराळ्या नावांखाली एकच रक्त नांदत असण्याचाही संभव असतो.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. १९४६-४७ च्या हंगामात मध्य हिंदुस्थानात तांबेऱ्याच्या साथीने गव्हाची अपरिमित हानी केली. पुढे राय नावाच्या धान्यापासून गव्हात आलेल्या ‘एसआर ३१’ या एकाच प्रतिकारक जनुकावर जगातील असंख्य वाण विसंबून राहिले. १९९९ मध्ये युगांडातून नोंदल्या गेलेल्या ‘यूजी ९९’ या खोडावरील तांबेऱ्याच्या जातीने तेच जनुक निष्प्रभ केले. वाण अनेक होते, पण कुलूप एकच होते.

विविधता मोजण्याचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिला वंशावळीचा. १९४८ मध्ये मालेको यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार, दोन ओळींतील एखादे जनुक एकाच पूर्वजाकडून आलेले असण्याची संभाव्यता काढता येते. परस्परांशी नाते नसलेल्या दोन शुद्ध वाणांच्या संकरातून निघालेल्या दोन स्थिर ओळींसाठी ती ०.५ येते. मात्र यात प्रत्येक पालकाचा वाटा निम्मा असल्याचे गृहीत धरलेले असते. निवड करणारा पैदासकार हे गृहीतक पदोपदी मोडीत असतो.

दुसरा मार्ग दृश्य गुणांचा. झाडाची उंची, फुटव्यांची संख्या, ओंबीची लांबी, हजार दाण्यांचे वजन इत्यादी मापे घ्यावयाची आणि त्यांवरून ओळींमधील अंतर काढावयाचे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलेले ‘डी-वर्ग’ हे मान येथे उपयोगी पडते, कारण परस्परांशी निगडित असलेले गुण त्यात दोनदा मोजले जात नाहीत. मूळ मानवी देहमापनांसाठी योजलेले हे साधन पुढे पीकसुधारणेत रूढ झाले. तथापि पेरणीची तारीख किंवा पाण्याची पाळी बदलली की गुणही बदलतात, हे विसरता येत नाही.

तिसरा मार्ग थेट डीएनएवरील खुणांचा. त्यावर हवामानाचा परिणाम होत नाही. समजा, १० ओळींपैकी ५ मध्ये एका स्थानी जनुकाचे एक रूप आहे व ५ मध्ये दुसरे. प्रत्येक रूपाच्या प्रमाणाचा वर्ग करून त्यांची बेरीज १ मधून वजा केली, तर विविधता ०.५ येते. हेच प्रमाण ९ व १ असेल, तर ती केवळ ०.१८ उरते. दोन्ही ठिकाणी रूपे दोनच आहेत, विविधता मात्र निराळी आहे.

मासातोशी नेई यांनी १९७३ मध्ये जनुकांसाठी मांडलेले हे सूत्र भाषाशास्त्राला आधीपासून परिचित होते. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ मध्ये भाषिक विविधता मोजण्यासाठी हेच गणित वापरले. कोणत्याही प्रदेशातून दोन माणसे सहजगत्या निवडली, तर त्यांच्या मातृभाषा भिन्न असण्याची संभाव्यता किती, असा त्यांचा प्रश्न होता. अहिराणी व मराठी यांतील अंतर आणि भिली व इंग्रजी यांतील अंतर सारखेच धरणे योग्य नव्हे, हे ओळखून भाषांमधील साम्याचा विचार करणारे दुसरे मानही त्यांनी दिले. गव्हाच्या बाबतीतही ही दुरुस्ती तितकीच अगत्याची आहे.

अखेर एक सावधगिरी. शेकडो स्थानांची सरासरी काढली की अंक समाधानकारक दिसतो. परंतु तांबेऱ्याला रोखणाऱ्या नेमक्या स्थानी सर्व ओळींत एकच रूप असेल, तर ती सरासरी शेतकऱ्याचे रक्षण करीत नाही. म्हणून ‘विविधता किती?’ या प्रश्नाआधी ‘कशातील विविधता, व कशासाठी?’ हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर निश्चित झाल्यावरच कोणते माप हाती घ्यावयाचे, हे ठरविता येते.